अपघातात दार उघडू नये म्हणून: गाडीच्या लॅचची रचना, पायरीपायरीने

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणाऱ्या काळी-पिवळीत जो कधी बसला आहे, त्याने ड्रायव्हरची ही हाक ऐकलेलीच असते: "दार नीट आपट भाऊ, नही ते घाटमा उघडी जाई!" मग आपण दार पुन्हा उघडून जोरात आपटतो. पहिल्या वेळी एकच 'खट' झालं होतं, आता 'खट-खट' झालं. त्या दोन आवाजांमध्ये काय फरक आहे, हे मला कळलं तेव्हा मी लॅच, म्हणजे दार बंद धरून ठेवणारी यंत्रणा, बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागून सहा महिने झाले होते.

आता मी जळगावात असतो. छोट्या वर्कशॉपवाल्यांना आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना दाराच्या कामात मदत करतो. कुणी रुग्णवाहिकेची बॉडी बांधतो, कुणी केबिनला दार बसवतो, कुणाचा प्रोजेक्ट असतो. जवळपास सगळे एकाच ठिकाणी चुकतात: "लॅच मजबूत पाहिजे ना, मग पत्रा जाड घेऊ." माझ्या पाहण्यातले बहुतेक लॅच तुटले नव्हतेच. दार उघडलं ते हॅन्डलने स्वतःच ओढल्यामुळे, हॅन्डलला लॅचशी जोडणारा रॉड ढकलला गेल्यामुळे, किंवा लॅच शाबूत राहून भोवतीचा पत्रा फाटल्यामुळे. म्हणून जाडीचा विचार शेवटी करायचा. आधी जोर कुठून येतो आणि कुठे जातो ते बघायचं.

आधी एक जुना लॅच उघडा

भंगारवाल्याकडून कुठल्याही गाडीचा लॅच आणा. तोंडात एक U आकाराची खाच दिसेल. स्क्रू-ड्रायव्हरची दांडी त्या खाचेत दाबा. 'खट'. आणखी दाबा. 'खट'. आता दांडी ओढून बघा, निघणार नाही. बाजूची पट्टी बोटाने दाबा, दांडी सुटेल.

तुमची दांडी म्हणजे गाडीतला स्ट्रायकर, दाराच्या चौकटीच्या खांबाला बोल्टने बसवलेली ती सळई किंवा कडी. तिला पकडून फिरतो तो जबडा. जबड्याला मागे फिरू देत नाही तो खटका. जबड्याला दोन दाते असतात. खटका पहिल्या दात्यात पडला की दार अर्धं लागलं, दुसऱ्यात पडला की पूर्ण. बाकी स्प्रिंग, पट्ट्या, मोटर हा सगळा संसार खटका उचलण्यासाठी किंवा उचलू न देण्यासाठी.

लॉक आणि लॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच डोळ्यांनी बघून घ्या. लॉक केलं की बाहेरचं हॅन्डल आणि खटका यांचा संबंध तुटतो, जबड्याच्या पकडीत काहीच फरक पडत नाही. म्हणून "आमच्या गाडीत सेंट्रल लॉक आहे" हे लॅचच्या ताकदीचं उत्तर नाही. दार लॉक नसतानाही अपघातात बंद राहिलं पाहिजे, असं धरूनच रचना करायची.

आकडे: किती जोर सोसायचा

१९५६ साली फोर्डने आपल्या सुरक्षा-पॅकेजमध्ये दुहेरी पकडीचा दार-लॅच दिला. गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस आत राहिलेल्यापेक्षा जास्त मरतो, हे तोवर अपघातांच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत एफएमव्हीएसएस २०६ हा दारांच्या लॅचचा आणि बिजागरांचा नियम लागू झाला. युरोपीय देशांकडे संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ११ आहे, आपल्याकडे आयएस १४२२५ हे भारतीय मानक. मूळ मागणी सगळीकडे जवळपास सारखीच:

पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि आडव्या दिशेने, म्हणजे दार उघडतं त्या दिशेने, ९,००० न्यूटन सोसायचे. अर्ध्या खटक्यावर दोन्ही दिशांना ४,५०० न्यूटन. बिजागरांनाही ११,००० आणि ९,००० लागूच. शिवाय गुरुत्वाकर्षणाच्या ३० पट धक्का, म्हणजे ३० जी, बसला तरी खटका सुटता कामा नये.

न्यूटन डोक्यात बसत नसेल तर क्विंटलमध्ये बोलू. ११,००० न्यूटन म्हणजे साधारण ११.२ क्विंटल, ९,००० म्हणजे ९.२. बाजार समितीत अकरा क्विंटल कापसाचा ढीग आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो सगळा त्या अंगठ्याएवढ्या जबड्याला टांगायचा आहे.

सरकत्या दाराचं गणित वेगळं असतं. तिथे पूर्ण दारावर एकूण १८,००० न्यूटन लावतात आणि फट १०० मिलिमीटरपेक्षा जास्त पडू देत नाहीत. या लेखात बिजागरीच्या दाराचंच बोलतोय.

जबडा आणि खटका: एक मिलिमीटरची गोष्ट

कागदावर जबड्याची पिन काढा. समजा स्ट्रायकर पिनेपासून १६ मिमीवर पकडलाय आणि खटका ३२ मिमीवर अडवतो. आडवा जोर ९,००० न्यूटन, तर खटक्यावर निम्मा येतो: ४,५०० न्यूटन. खटका पिनेपासून जितका लांब, तितका त्याच्यावर भार कमी. जागा मिळेल तेवढा तो लांब न्या.

आता खरी नाजूक गोष्ट. जबडा खटक्याला ज्या रेषेत ढकलतो, ती रेषा खटक्याच्या स्वतःच्या पिनेच्या कुठल्या बाजूने जाते? एका बाजूने गेली तर जोर वाढला की खटका आणखी आत रुततो. दुसऱ्या बाजूने गेली तर तोच जोर खटक्याला बाहेर फेकतो. रेषा चुकीच्या बाजूला फक्त १ मिमी सरकली, तर ४,५०० न्यूटन गुणिले १ मिमी म्हणजे ४.५ न्यूटन-मीटर पीळ खटका उघडायला लागतो. खटक्याची स्प्रिंग असते ०.१ न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे स्प्रिंगच्या ४५ पट! घर्षण थोडं सांभाळून घेतं, पण ग्रीस लावलेल्या, थरथरणाऱ्या लॅचमध्ये घर्षणाच्या भरवशावर कुणाचा जीव सोडू नका.

मग रेषा भरपूर आत घेऊ का? तेही नको. जितकी आत, तितका खटका उचलायला जोर जास्त. रोज हॅन्डल जड लागेल आणि अपघातानंतर दार बाहेरून उघडणार नाही. समोरून धडकेच्या आपल्या चाचणीत, एआयएस-०९८ मध्ये, धडकेच्या वेळी कुठलंही दार उघडता कामा नये. त्याच चाचणीत, धडकेनंतर सीटच्या प्रत्येक रांगेचं निदान एक दार हत्याराशिवाय उघडता आलं पाहिजे. दोन्ही एकाच लॅचने करायचं आहे. मी रेषा पिनेच्या सुरक्षित बाजूला थोडीशीच ठेवतो.

आणि ही रेषा दोनदा तपासतो. एकदा नव्याकोऱ्या आकृतीवर. दुसऱ्यांदा, भाराखाली पिना वाकल्या, भोकं लांबली, पट्टी थोडी उघडली असं धरून. कोऱ्या कागदावर अर्धा मिमी सुरक्षित असलेली रेषा वाकलेल्या पत्र्यात चुकीच्या बाजूला गेलेली मी पाहिली आहे. विद्यार्थी ही दुसरी तपासणी कधीच करत नाहीत.

पिनेचं थोडक्यात. स्ट्रायकर आणि खटका पिनेच्या दोन बाजूंना असतील तर पिनेवर दोन्हींची बेरीज येते: १३,५०० न्यूटन. ८ मिमी पिन फक्त एका टोकाने रोवली असेल तर तिच्यावर कातरताण, म्हणजे कात्रीसारखा कापणारा ताण, साधारण २६८ मेगापास्कल (दर चौरस मिमीला २६८ न्यूटन) येतो. साधं लोखंड तिथे तग धरत नाही. तीच पिन लॅचच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पट्ट्यांमध्ये, दोन टोकांना धरली की १३४ वर येते. म्हणून मागची पट्टी म्हणजे नुसतं झाकण नाही. वजन वाचवायला ती प्लास्टिकची करायची कल्पना कुणी मांडली तर हा आकडा दाखवा.

जबड्यावर प्लास्टिकचा थर असतो, तो आवाजासाठी. भार आतलं पोलाद घेतं. दाताही पोलादाचाच हवा.

लांबीच्या दिशेचा ओढा

इथे जबड्याचा आणि खटक्याचा काही इलाज चालत नाही. दार आणि खांब एकमेकांपासून लांब ओढले जातात, तेव्हा स्ट्रायकर लॅचच्या तोंडातून समोरून निसटू पाहतो. त्याला अडवतो तो स्ट्रायकरचा आकार. कडीसारखा असेल तर कडीचं बंद टोक जबड्यामागे अडकतं. खुंटीसारखा असेल तर खुंटीचं डोकं. डोकं लॅचच्या खाचेपेक्षा ठळकपणे मोठं हवं आणि खाचेच्या कडा वाकून रुंद होणार नाहीत एवढ्या जाड हव्यात. चाचणीत हा ओढा लावताना आडव्या दिशेने ९०० न्यूटन आधीपासून लावून ठेवतात, कारण खऱ्या दाराला रबराचं सील बाहेर ढकलतच असतं. तुमच्या चाचणीतही तेवढं लावा. न लावता उत्तीर्ण झालेला लॅच मला पाहायचाही नाही.

पत्रा: लॅच शाबूत, दार गायब

आमच्याकडच्या बॉडी-कामात सगळ्यात जास्त मार इथे बसतो. लॅच कंपनीचा, चांगला असतो. पण तो बसवलेला असतो दाराच्या ०.७ मिमी आतल्या पत्र्यावर, तीन एम-६ स्क्रूंनी. ९,००० न्यूटन तिघांत वाटले, तर प्रत्येकी ३,०००. स्क्रू पत्र्याला ज्या जागेवर दाबतो ती जागा ६ गुणिले ०.७, म्हणजे ४.२ चौरस मिमी. ताण झाला ७१४ मेगापास्कल. साध्या पत्र्याची भोकं लांबट होऊन फाटणार, यात शंका ठेवू नका. मागे १.५ मिमीची पट्टी स्पॉट-वेल्डने जोडली की जाडी २.२ होते आणि ताण सुमारे २२७ वर येतो. पट्टी फक्त लॅचएवढी ठेवू नका, वळवून दाराच्या बाजूच्या पत्र्यापर्यंत न्या. नाहीतर फाटण्याची जागा चार बोटं पुढे सरकते, एवढंच.

खांबाच्या बाजूलाही तेच. स्ट्रायकरच्या दोन एम-८ बोल्टांमागे आटे पाडलेली जाड प्लेट हवी. नुसता नट पत्र्याला वेल्ड करून भागत नाही. बिजागराचंही वेगळं काही सांगत नाही: लॅचला जे आकडे, तेच त्यालाही, आणि त्याच्यामागचा पत्राही तसाच बघा.

३० जी: हॅन्डल स्वतःला ओढतं तेव्हा

हा भाग सावकाश वाचा. डावीकडून धडक बसली की गाडी उजवीकडे ढकलली जाते. डाव्या दाराचं बाहेरचं हॅन्डल, जडत्वामुळे, मागे राहू पाहतं, म्हणजे दाराच्या तुलनेत बाहेर येतं. म्हणजेच अदृश्य हात हॅन्डल ओढतो. धडक ज्या बाजूला, त्याच बाजूचं दार उघडायला निघतं.

गणित करू. हॅन्डलची हलणारी पाकळी १२० ग्रॅम, तिचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून १८ मिमी. ३० जीला जोर: ०.१२ गुणिले ३० गुणिले ९.८१, सुमारे ३५ न्यूटन. पीळ: सुमारे ०.६४ न्यूटन-मीटर. एवढी ताकदवान स्प्रिंग लावली तर रोज हॅन्डल ओढताना बोटं दुखतील. म्हणून दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन देतात. १२० गुणिले १८ होतात २,१६०. ८० ग्रॅम वजन २७ मिमीवर, तेही २,१६०. दोन्ही धक्के एकमेकांना मारतात. स्प्रिंग फक्त पाकळी जागेवर आणायला उरते.

माझी चूक इथलीच. एका कारखान्यात मी असा तोल बिनचूक साधला, कागद सहीसाठी गेला, शाबासकीही मिळाली. नंतर दिखाव्यासाठी पाकळीवर चकचकीत टोपी बसवायचं ठरलं. २५ ग्रॅम, बिजागरीपासून २४ मिमीवर. मला विचारलं गेलं आणि मी "पंचवीस ग्रॅमने काय होतंय" म्हणून हो म्हटलं. तेवढ्याने पीळ येतो ०.१७७ न्यूटन-मीटर. आमची स्प्रिंग होती ०.१५ ची. स्लेड-चाचणीच्या, म्हणजे रुळावरच्या गाड्यावर दार बसवून त्याला धक्का देतात त्या चाचणीच्या, हळू केलेल्या चित्रीकरणात पाकळी अगदी शांतपणे उठताना दिसते आणि दार उघडतं. ते चित्रीकरण मी चार वेळा पाहिलं, पाचव्यांदा पाहवलं नाही. तेव्हापासून हलणाऱ्या भागावर रंगाचा थर बदलला तरी मी हिशेब पुन्हा मांडतो.

हिशेब एकट्या हॅन्डलचा नसतो. हॅन्डल, रॉड, आतली पट्टी, खटका, सगळ्यांचं जडत्व खटक्याच्या पिनेवर आणून एकत्र मोजायचं. मधली तरफ दुप्पट करत असेल तर तेही धरायचं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चारही दिशा तपासायच्या आणि घर्षण शून्य मानायचं. खटक्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य शक्य तेवढा त्याच्या पिनेवरच आणा. पट्टीला शेपूट देऊन हे फुकटात होतं.

चेपलेलं दार आणि रॉड

दार चेपतं तेव्हा आतली प्रत्येक गोष्ट सरकते. हॅन्डलपासून खटक्यापर्यंत ताठ रॉड असेल आणि तो ढकलल्यावर लॅच उघडत असेल, तर चेपलेला पत्राच तो रॉड ढकलेल. ओढल्यावर उघडणारी केबल त्यामानाने बरी, कारण केबल ढकलता येत नाही. पण ती ताणून, सरळ, बाहेरच्या पत्र्याला चिकटून नेली तर चेपताना ओढली जाते. तिला थोडी सैल ठेवा, वळण द्या, आतल्या पत्र्याच्या बाजूने न्या. स्पीकर, काचेची मोटर, बाटलीचा कप्पा हे सगळे चेपताना कुठे येतील ते बघा. मी दाराच्या आकृतीवर १५० मिमी चेप पेन्सिलने काढतो आणि त्या रेषेत केबल येते का ते पाहतो. कॉम्प्युटर नसला तरी हे जमतं.

आपला उन्हाळा, आपली धूळ

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या गाडीचं दार आतून त्याहून कितीतरी जास्त तापतं. तिथे पातळ ग्रीस खाली ओघळतं, प्लास्टिकच्या क्लिपा मऊ पडतात आणि रॉड क्लिपमधून सुटतो. त्यात धूळ आणि जिनिंगच्या दिवसांत उडणारा कापसाचा बारीक तंतू. ग्रीसमध्ये हे दोन्ही बसले की काळी-तपकिरी लुगदी होते. जुना लॅच उघडल्यावर मी ती नखाने काढून मुलांना बोटावर चोळायला सांगतो. करकर लागते. ही लुगदी दुसऱ्या दात्यात भरली की खटका पूर्ण खाली बसत नाही. कान सांगतो दार लागलं, खटका मात्र दात्याच्या टोकावर उभा असतो.

म्हणून खटक्याच्या दात्याखाली घाण निघून जायला मोकळी जागा ठेवा, तोंड खालच्या बाजूला उघडं ठेवा आणि ग्रीस उष्णता सोसणारं, थोडंच लावा. खटका-स्प्रिंग गरम, थंड आणि धुळीने भरलेल्या लॅचमध्येही पूर्ण खाली आणते का ते बघा. दार पूर्ण लागलंय का सांगणारा दिव्याचा स्विच जबड्यावर लावण्याऐवजी खटक्यावर लावा. जबडा फिरला तरी खटका बसेलच असं नाही.

अर्ध्या खटक्याला कुणी कमी लेखू नये. काळी-पिवळीत सायकलच्या ट्यूबने बांधलेलं दार आपण पाहतोच. ते बहुधा पहिल्या दात्यावरच चाललेलं असतं. तिथेही ४,५०० न्यूटन, साडेचार क्विंटलच्या वर, टिकलंच पाहिजे. पहिला दाता लहान करून जागा वाचवण्याचा मोह आवरा.

वर्कशॉपमध्ये चाचणी

अधिकृत मान्यतेसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडे जावं लागतं. तिथे पहिल्याच फेरीत नापास होण्यापेक्षा घरची तयारी बरी. जाड चॅनेलची चौकट वेल्ड करा. एका बाजूला लॅच, तोही तुमच्या खऱ्या दाराच्या कापलेल्या पत्र्यावर बसवलेला, जाड प्लेटवर नाही. दुसऱ्या बाजूला स्ट्रायकर, मध्ये हायड्रॉलिक जॅक आणि भार मोजणारा सेल. जोर अगदी हळूहळू वाढवा, दर हजार न्यूटनला थांबा, फोटो काढा. समोर उभं राहू नका. जाड लोखंडी जाळीमागून बघा. सुटलेला स्ट्रायकर गोफणीतल्या दगडासारखा जातो.

९,००० वर थांबू नका. तुटेपर्यंत ओढा, कारण कुठे तुटलं हे कळणं जास्त मोलाचं आहे. आधी पत्रा फाटला तर पट्टी वाढवा. आधी खटका सुटला तर जोराच्या रेषेकडे परत जा. आधी पिन कातरली तर मागची पट्टी बघा. पाच नमुने ओढले आणि पाच वेगवेगळ्या ठिकाणी तुटले, तर रचनेत नव्हे, वेल्डिंगमध्ये गोंधळ आहे.

बसवताना

शेवटचं काम गाडीवर. स्ट्रायकरचे बोल्ट अर्धवट कसा. चिमूटभर कुंकू दोन थेंब तेलात कालवून स्ट्रायकरच्या सळईला लावा. दार हलकेच लावा आणि उघडा. लाल ठसा जबड्याच्या जाडीच्या मधोमध उमटला पाहिजे. एका कडेला उमटला तर लांबीच्या दिशेने पकड कमी पडणार, म्हणून स्ट्रायकरमागे अर्ध्या मिमीची पट्टी घाला किंवा काढा. खाचेच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर रंग दिसला तर स्ट्रायकर उंचीला सरकवा, नाहीतर दार दर वेळी त्यावर चढत राहील. ठसा मधोमध आला की बोल्ट पूर्ण कसा, कुंकू पुसा, आणि दार दहा वेळा एका बोटाने ढकलून लावा. दहाही वेळा 'खट-खट' ऐकू आलं पाहिजे. एकदा जरी एकच 'खट' झाला, तर बोल्ट पुन्हा सैल करा.